कोयत्याचे वय

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगररांगेतल्या गावांमध्ये एक वेगळीच लगबग सुरू होते. शहरात दिवाळीच्या खरेदीची गर्दी उसळलेली असते, तेव्हा इथे बाजरी दळून आणायची घाई चाललेली असते. पत्र्याची पेटी, दोन पातेली, तवा, घागर, गोधड्या, कोपीवर टाकायची ताडपत्री, मिरची-मसाल्याचे गाठोडे, खुराड्यातल्या चार कोंबड्या आणि जमलेच तर एखादी शेळी, असा सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो. त्या सामानाच्या वर माणसे बसतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज. शेजारच्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड. या तालुक्यांतली कितीतरी गावे बघता बघता रिकामी होतात. मागे उरतात म्हातारी माणसे, त्यांच्या ओटीत टाकलेली नातवंडे आणि दारांवरची कुलपे.

ही माणसे ऊसतोडीला जातात, हे आपल्याला ठाऊक असते. हमरस्त्यावर त्यांच्या बैलगाड्यांच्या रांगा आपण पाहिलेल्या असतात. पण त्या रांगेत बसलेल्यांची वये आपण कधी लक्षपूर्वक पाहतो का? बहुतेक चेहरे तरुण असतात. वीस, बावीस, पंचवीस. कुणाच्या कडेवर वर्षाचे मूल, कुणाच्या हातावरची लग्नातली मेंदी अजून पुसट दिसत असते. ज्या वयात शहरातला मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतो आणि घरातले त्याला ‘अजून लहान आहे’ म्हणून पाठीशी घालत असतात, त्या वयात हा मुलगा पाचवा किंवा सहावा हंगाम करायला निघालेला असतो. पाच-सहा महिने एका मुलखात, पुढचे सहा महिने दुसऱ्या मुलखात, अशी तारुण्याची सगळी वर्षे वाटली गेलेली. यंदा कोल्हापूर, पुढच्या वर्षी सोलापूर, त्याच्या पुढच्या वर्षी कर्नाटकातले बेळगाव किंवा बागलकोट. धुळे-नंदुरबारकडची आदिवासी जोडपी तर गुजरातेत बारडोलीच्या बाजूला उतरतात.

हे का सुरू झाले, याचे उत्तर नकाशातच आहे. सह्याद्रीला अडलेला पाऊस या पठारापर्यंत पोहोचेतो निम्माशिम्मा होतो. जमीन हलकी, उताराची. खरिपाचे एक पीक आले तर आले. दुसरीकडे १९५०-५१ साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची माळच लागली. उसाचे एक वैशिष्ट्य असे की तो तोडल्यावर थांबत नाही. वेळेत गाळला नाही तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे कारखान्याला रोज ठरावीक टन ताजा ऊस लागतो आणि तो तोडायला हजारो हात एकदम, पण फक्त पाच महिन्यांसाठी लागतात. वर्षभर इतकी माणसे कोण पोसणार? तेव्हा जिथे पावसाळ्यानंतर काम उरत नाही अशा मुलखातून माणसे आणायची, हे गणित जमले. १९७२ च्या दुष्काळाने त्या गणितावर शिक्का मारला. त्या वर्षी जी घरे प्रथमच बाहेर पडली, त्यांतल्या अनेकांच्या नातवंडांच्या हातात आज कोयता आहे.

कोयता हा शब्द मी अवजार या अर्थाने वापरला. पण या धंद्यात त्याचा अर्थ निराळा आहे. एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा तोडणार, बायको पाचट काढून मोळी बांधणार आणि दोघे मिळून गाडी भरणार. ‘आमच्या टोळीत बारा कोयते आहेत’ म्हणजे चोवीस माणसे. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधी दिली जाणारी आगाऊ रक्कम, पूर्ण कोयत्याला पूर्ण मिळते आणि अर्ध्याला अर्धी. माणसे मोजण्याची ही पद्धत वरवर केवळ हिशेबाची सोय वाटते. पण तिचे परिणाम थेट घराघरांतल्या लग्नांपर्यंत पोहोचले आहेत. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की घरात विचार सुरू होतो: याचा कोयता पुरा करायला हवा. मुलीच्या घरी वेगळा विचार असतो. आईबाप सहा महिने फडावर, वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवायची? दोन्हीकडच्या या काळज्या एकत्र येतात आणि हंगामाच्या तोंडावर घाईघाईने अक्षता पडतात. कारखान्याच्या गेटवर परस्पर येणाऱ्या उसाला ‘गेटकेन’ म्हणतात. तशाच झटपट उरकलेल्या लग्नांना या भागात ‘गेटकेन लग्न’ असे नावच पडले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठरा पूर्ण होण्याआधी झालेली आढळली. या आकड्यामागे कोयत्याचा हिशेब मोठा आहे.

माझा या माणसांशी संबंध आला तो बँकेतल्या नोकरीमुळे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत होतो. बँकेतल्या माणसाला गाव खातेवहीतून दिसते. श्रावण-भाद्रपदात गावात पैसा खेळू लागायचा, पण आमच्या खिडकीवर त्याचा मागमूस नसायचा. कापड दुकानात उधारी फिटायची, सोनाराकडे मणी सुटायचे, एखाद्या घरावर नवे पत्रे चढायचे. बँकेतून एक रुपया न निघता हा पैसा येतो कुठून, असा प्रश्न नव्या अधिकाऱ्याला पडायचाच. तो मुकादमाकडून यायचा. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम ते कोयत्यांना वाटतो. बहुतेक वेळा कागद म्हणजे एखादा कोरा मुद्रांक आणि त्यावर अंगठा. या उचलीवर व्याज लिहिलेले नसते, परतफेडीचे हप्ते लिहिलेले नसतात. ती फेडायची एकाच नाण्यात, अंगमेहनतीत.

आम्ही शाखेत बसून या उचलीला नाके मुरडायचो. एकदा गावातल्या एका बुजुर्ग मुकादमाने, चहा पिता पिता, मला सांगितले, “साहेब, तुमची ब्यांक दहाला उघडते. माणसाला नड रात्री दोनला लागते.” वाक्य साधे होते, पण त्यात ग्रामीण पतपुरवठ्याचे अर्धे शास्त्र होते. बाळंतपण अडले, बैल बसला, पोरीचे लग्न ठरले, तर तारणाची, सातबाऱ्याची, जामीनदाराची चौकशी न करता पैसा देणारा माणूस गावात एकच. तो बदल्यात पुढच्या हंगामाचे श्रम विकत घेत होता, तेही आधीच ठरलेल्या पडत्या भावाने. घेणाऱ्यालाही ते कळत होते. पण दारात दुसरे कुणी उभे नसेल तर जो उभा आहे त्याच्याशीच व्यवहार होतो.

याच काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. १९८० पासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांना लागू झाला होता. गरीब कुटुंबाला म्हैस किंवा शेळ्या घेण्यासाठी कर्ज आणि त्यात सरकारी अनुदान, अशी ती योजना. योजनेचा हेतू चांगला होता. पण म्हशीला रोज दोन वेळा चारा-पाणी लागते आणि ती दोन्ही वेळा पिळावी लागते. घरातले धडधाकट दोन्ही हात नोव्हेंबर ते एप्रिल तीनशे किलोमीटरवर असतील तर म्हैस कोण सांभाळणार? म्हाताऱ्या सासूने जमेल तसे केले, मग म्हैस आटली, मग ती बाजारात गेली. कर्ज मात्र खात्यावर राहिले. दिल्लीत आखलेल्या योजनेने कुटुंब एका जागी राहते असे गृहीत धरले होते. निम्मे वर्ष परमुलखात असणाऱ्या घराचा तिच्यात विचारच नव्हता.

आता जरा हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि तो टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. चांगल्या फडात एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. म्हणजे दोघांची मिळून दिवसाची कमाई पाचशे ते सातशे रुपये, माणशी अडीचशे ते साडेतीनशे. त्यासाठी पहाटे चारला उठायचे, अंधारात भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात उभे राहायचे. दुपारपर्यंत तोडणी, मग मोळ्या बांधणे, मग वीस-पंचवीस किलोंची एकेक मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणे. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा; त्यासाठी वेगळा दाम नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा धरला आणि वाहनाची वाट पाहण्यात गेलेले दिवस, पावसाचे दिवस, आजारपण वजा केले, तर जोडप्याची एकूण कमाई साधारण तेवढीच भरते जेवढी त्यांनी उचल घेतलेली असते. कधी थोडी वर, पुष्कळदा थोडी खाली. खाली आली की फरक ‘बाकी’ म्हणून पुढच्या वर्षावर जातो, आणि पुढच्या हंगामाचा करार उसाचे पहिले कांडे तुटण्याआधीच होऊन बसतो. काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो. बाई पाळीच्या दिवसांत उठू शकली नाही तरी खाडा. मूल आजारी म्हणून कोपीत राहिली तरी खाडा.

एवढे सगळे असूनही ही तरुण मंडळी केवळ नाइलाजाने जातात असे म्हटले तर ते अर्धसत्य होईल. मी अनेकांशी बोललो आहे. एक पोरगा मला म्हणाला होता, “गावात मी अमक्याचा पोरगा. तिकडं मी माझ्या हिमतीवर हाय.” घरात चार भावांत एक खोली, वर सासू-सासऱ्यांचा धाक; आणि फडावर पाचटाची का होईना, पण दोघांची स्वतंत्र कोपी. नव्याने लग्न झालेल्या कितीतरी मुलींनी मला, जरा लाजत, हेच सांगितले की पहिली चूल आम्ही तिथे मांडली. कृष्णेचे भरलेले पात्र, कोल्हापूरची अंबाबाई, पंढरपूरची वारी न करता झालेले विठ्ठलाचे दर्शन, कानडी मुलखातला आठवडी बाजार. हंगामाने त्यांना हेही दाखवले. दोन हंगामांत कानडी बोलायला शिकलेले तरुण मी पाहिले. त्यांच्यात धमक आहे, हिशेबीपणा आहे, परक्या मुलखात निभावून नेण्याची अक्कल आहे. प्रश्न असा की या सगळ्या गुणांचे मोल पंचविशीनंतर वाढत का नाही? कारकून दहा वर्षांत हेडक्लार्क होतो, गवंड्याच्या हाताखालचा पोरगा मिस्त्री होतो. कोयता मात्र दहा वर्षांनीही कोयताच असतो. फक्त कंबर दुखायला लागलेली असते.

पुढे माझी बदली सांगली जिल्ह्यात, थेट उसाच्या पट्ट्यात झाली. गाव सोडून गेलेली माणसे कुठे जातात, ते आता खिडकीच्या पलीकडून दिसू लागले. १९९६ च्या हंगामात एक बाविशीची मुलगी शाखेत आली. दहावीपर्यंत शिकलेली होती. पदराखाली तिने शाळेची जुनी वही धरली होती. त्या वहीत तिने तीन हंगामांतल्या वजनांच्या चिठ्ठ्यांची नोंद केली होती: तारीख, गाडीचा नंबर, टन, क्विंटल. तिच्या बेरजेत आणि मुकादमाच्या बेरजेत दरवर्षी तफावत येत होती आणि ती नेहमी एकाच बाजूला झुकत होती. पण ती तक्रार घेऊन आली नव्हती. तिला खाते उघडायचे होते. उसाची वाढी, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मजुरांना मिळतो आणि तो वैरण म्हणून विकला जातो. त्या सुट्या पैशांवर तिने हक्क सांगितला होता.

“ह्यांच्या नावावर उघडू का दोघांच्या?” मी विचारले.

“माझ्या एकलीच्या,” ती म्हणाली. “सायेब, उचल ह्यांच्या नावानं, चिठ्ठी टोळीच्या नावानं. निम्मा ऊस मी उचलते. माझं नाव कुठंबी न्हाई.”

त्या काळी खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. परमुलखात तिला ओळखणार कोण? शेवटी ज्या शेतकरीण बाई तिच्याकडून वाढी विकत घेत, त्यांनी सही केली. दर बाजारच्या दिवशी ती वीस, पंचवीस, कधी चाळीस रुपये आणून भरी. पासबुक ती स्वतः वाचून पाही आणि बेरीज पडताळून मगच निघे. तिचा नवरा बाहेर सायकल धरून उभा राही. त्याला या खात्याचे कौतुक होते की संकोच, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधी कळले नाही. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गळीत बंद झाले, तेव्हा तिने खात्यातले पैसे काढले. “धाकल्या बहिणीला हॉस्टेलात ठेवायची हाय. तिचा कोयता व्हायला नको,” एवढेच ती म्हणाली. पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्या कारखान्याला लागली. बहीण हॉस्टेलात राहिली की नाही, मला सांगता येणार नाही. पण तीन वर्षांच्या चिठ्ठ्या उतरवून ठेवलेली ती वही मी आजवर पाहिलेल्या सर्वांत नेटक्या हिशेबवह्यांपैकी एक होती.

या मुलींच्या शरीरावर हंगाम काय लिहून ठेवतो, ते २०१९ साली सगळ्या राज्याला कळले. बीड जिल्ह्यात तरुण वयातच गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण धक्कादायक असल्याच्या बातम्या आल्या आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.  कारणे एकात एक गुंतलेली आहेत: कोवळ्या वयातले लग्न आणि बाळंतपणे, फडावर ना स्वच्छतागृह ना पुरेसे पाणी, त्यातून होणारे संसर्ग, दुखणे अंगावर काढणे, आणि मग कर्करोगाची भीती घालून केलेला कायमचा ‘इलाज’. त्या शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा उचलीतूनच होतो, म्हणजे फेडीसाठी पुन्हा फडावर. आजार आणि कर्ज यांची इतकी घट्ट मोळी क्वचितच कुठे बांधली गेली असेल.

मुलांचीही एक वेगळी कथा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या पटावरची नावे कमी होतात आणि जूनमध्ये पुन्हा दिसतात. मधले वाचन, मधले पाढे फडाच्या बांधावर राहून जातात. १९९० च्या दशकात काही स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. पुढे मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि त्याला निधी मिळावा म्हणून गाळल्या जाणाऱ्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम घेण्याचे ठरले. पावले योग्य दिशेची आहेत. मात्र वसतिगृहाचे दार दिवाळीच्या आधी उघडले तरच त्याचा उपयोग. ट्रॉली निघून गेल्यावर उघडलेल्या दारात कोण येणार?

सगळ्यात मोठा पेच आहे तो मालक कोण, हा. कारखाना म्हणतो, आमचा करार ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी काय मालक आहे? मीही त्यांच्यातलाच एक. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कितीतरी मुकादम एकेकाळी स्वतः कोयता होते. लाखोंची उचल वाटून झाल्यावर निम्मी टोळी दुसऱ्याच्या गाडीत बसून निघून गेली, म्हणून जमीन विकायची वेळ आलेले मुकादमही आहेत. मग त्या तोट्याची वसुली सुरू होते. मजुराला डांबून ठेवणे, पोराबाळांसकट अडवणे, असे प्रकार पोलिसांत जातात. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. पण उचलीला वेठ म्हणायला सहसा कुणी धजत नाही. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने कायदा केला. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडचा मजूर बेळगावला गेला तर स्थलांतरित, आणि कोल्हापूरला गेला तर नाही! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. त्यांच्या याद्या करताना प्रशासनाची जी तारांबळ उडाली, तिचे कारण हेच होते, की ही माणसे कुणाच्याच हजेरीपटावर नव्हती. आजही राज्यात ऊसतोड मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून तेरा-चौदा लाखांपर्यंत पसरलेले आहेत. ज्या राज्यात २०२१-२२ च्या हंगामात तेराशे लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला आणि ज्या हंगामाने अनेक टोळ्यांना भर जूनपर्यंत फडात अडकवून ठेवले, त्या राज्यात टनांची नोंद क्विंटलपर्यंत चोख आहे. माणसांची नाही.

आता फडात हार्वेस्टर उतरू लागला आहे. बड्या शेतकऱ्याच्या सलग रानात ते यंत्र अनेक टोळ्यांचे काम एका दिवसात करते. लहान तुकड्यांत, चिखलात अजून कोयताच लागतो. पण वारे कुठे वाहते आहे ते तरुणांना कळते. त्यांच्यातले जे शिकले ते पुण्या-चाकणच्या कारखान्यांत जातात. तिथे ते कंत्राटी असतात. काही महिन्यांचे काम, मग खंड, मग दुसऱ्या कंत्राटदाराकडे तेच काम. चार जण मिळून एक खोली, गावाकडे आईबापांना मोबाइलवरून पाठवलेले पैसे. आजोबा हंगामी, बाप हंगामी आणि नातूही हंगामीच. फक्त अंगात गणवेश आला. या नव्या हंगामींची फसगत होऊ नये म्हणून जुन्या हंगामींची कहाणी नीट समजून घ्यायला हवी.

उपाय फार मोठे नाहीत, असे मला बँकेच्या सवयीने वाटते. पहिला म्हणजे कोयता ही नोंद बंद करून कागदावर दोन नावे यावीत, नवऱ्याचे आणि बायकोचे, आणि दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत निम्मी-निम्मी मजुरी जावी. २०१४ नंतर जनधन खाती घरोघर झाली आहेत. तांत्रिक अडचण उरलेली नाही. दुसरा, वजनाची चिठ्ठी प्रत्येक मजुराच्या मोबाइलवर यावी; ज्या काट्यावर उसाचे वजन संगणकात जाते, त्याच काट्यावरून ते होऊ शकते. तिसरा, भाद्रपदातल्या नडीसाठी, विनातारण, पाच-दहा हजारांचे कर्ज महिला बचत गटांमार्फत वेळेवर मिळावे. उचलीची पकड तिच्या आकारात नाही, वेळेत आहे. आणि चौथा, फडावर पाणी, स्वच्छतागृह, पाळणाघर यांची जबाबदारी थेट कारखान्यावर असावी. मधल्या साखळीवर नव्हे. यातले काहीही साखरेचा भाव फारसा न वाढवता होण्यासारखे आहे.

आणि यातले काही आपल्याही हातात आहे. ऊस लावणारे शेतकरी, कारखान्याचे सभासद, संचालक, शिक्षक, डॉक्टर अशी माणसे या पानाच्या वाचकांत नक्कीच आहेत. आपल्या शिवारात टोळी उतरली की त्यांच्या कोप्यांजवळ पाण्याची टाकी आहे का, लहान मुले दिवसभर कुठे असतात, मोळ्या उचलणारी मुलगी अठरा वर्षांची तरी आहे का, हे विचारायला समिती लागत नाही. तिचे नाव विचारायलाही लागत नाही. ते विचारले की ती आधी नवऱ्याकडे बघते, मग हसते आणि मग सांगते. ते नाव चिठ्ठीवर कसे येईल, एवढे या हंगामात कुणी पाहिले तरी पुष्कळ झाले.